आरोपाची भाषा आणि निर्दोषत्वाची भाषा

भाषेचे सामर्थ्य तिच्यातील काव्यावरून व कथेवरून मोजण्याचा आपला प्रघात आहे. वृत्तपत्रीय गद्य सर्वाधिक वाचले जाते; परंतु ‘तात्पुरते लेखन’ म्हणून समीक्षेने त्याच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. हे लेखन तात्पुरते असले तरी त्याचे परिणाम मात्र तात्पुरते नसतात. सकाळी छापलेला शब्द संध्याकाळी रद्दीत जातो. पण ज्याच्याविषयी तो छापला गेला, त्याच्या नावाला तो चिकटून राहतो.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. परक्या राष्ट्रासाठी टेहळणी केल्याचा आरोप एखाद्या नागरिकावर, विशेषतः अल्पसंख्याक समाजातील नागरिकावर, आला म्हणजे मराठी वृत्तलेखन कोणते शब्द योजते, आणि पुढे न्यायालयाने तो आरोप फेटाळला म्हणजे त्याच्यापाशी कोणते शब्द उरतात, एवढेच येथे पाहावयाचे आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, आरोपाची आपली भाषा पूर्ण आहे आणि निर्दोषत्वाची अपुरी. या अपुरेपणाची किंमत भाषा देत नाही, माणूस देतो.

१

प्रथम आरोपाची शब्दसंपत्ती पाहू. ‘हेर’ हा आपला जुना शब्द ‘हेरणे’ या क्रियापदाशी निगडित आहे. हेरणे म्हणजे बारकाईने पाहून टिपणे. या शब्दात मुळात निंदा नाही. शिवकालीन बहिर्जी नाईक हे हेर होते आणि मराठी मनाने त्यांना नायकांच्या पंक्तीत बसविले आहे. बखरींतील ‘जासूद’ हाही असाच एका कामाचा वाचक शब्द होय. ‘फितूर’ची जात निराळी. ‘हेर’ माणसाचे काम सांगतो, तर ‘फितूर’ त्याचे इमान सांगतो. हेर परक्याचाही असतो आणि आपलाही. फितूर मात्र आपल्यातलाच असावा लागतो.

आधुनिक वृत्तलेखनाने हे दोन अर्थ एकत्र केले. ‘हस्तक’, ‘घरभेदी’, ‘सूत्रधार’, ‘पाकधार्जिणा’ हे शब्द वरवर कृत्य सांगतात, पण प्रत्यक्षात निष्ठेविषयी निकाल देतात. ‘हस्तक’ म्हणजे दुसऱ्याचा हात. ज्याला तो लावला त्याला स्वतःचे मन व स्वतःची कहाणी आहे, ही शक्यताच शब्दाने पुसून टाकली. त्याच्या आधी ‘संशयित’ अथवा ‘कथित’ जोडले म्हणजे लेखकाचा कायदेशीर बचाव होतो, परंतु वाचकाच्या मनात विशेषण विरघळते आणि नाम उरते.

याहूनही सूक्ष्म असा एक बदल आहे आणि तो केवळ मराठीसारख्या भाषेतच दिसू शकतो. आपल्या भाषेत आदर व्याकरणातच आहे. शेजारचे गृहस्थ ‘ते’ असतात, शिक्षक ‘ते’ असतात, अनोळखी प्रौढ माणूसही ‘ते’ असतो. अटकेच्या बातमीत मात्र माणूस एका रात्रीत ‘तो’ होतो: ‘त्याने’ कबुली दिली, ‘त्याच्या’ घराची झडती झाली. आरोपी हा अद्याप अपराधी नव्हे, असे कायदा कितीही बजावो, सर्वनामाने शिक्षा आधीच सुनावलेली असते. पुढे निर्दोष ठरल्यावर ‘तो’चा पुन्हा ‘ते’ झाल्याचे क्वचितच आढळते. भाषेने काढून घेतलेला आदर परत करण्याची जबाबदारी कोणावरच नसते.

२

वरील विवेचन हवेत राहू नये म्हणून मुंबईच्या उपनगरांशी संबंधित असे एक प्रकरण घेऊ. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्यात १६६ माणसे मृत्युमुखी पडली. त्या खटल्यात पाकिस्तानी नागरिक अजमल कसाब याच्याबरोबर दोन भारतीय आरोपी होते. त्यांपैकी फहीम अन्सारी हे गोरेगावचे रहिवासी. प्रत्यक्ष हल्ल्याच्या कित्येक महिने आधी, फेब्रुवारी २००८ मध्ये, उत्तर प्रदेश पोलिसांनी त्यांना दुसऱ्या प्रकरणात पकडले होते. मुंबईच्या खटल्यात त्यांच्यावरचा आरोप शस्त्र चालविल्याचा नव्हता. तो हेरगिरीच्या जातीचा होता. मुंबईतील ठिकाणांची टेहळणी करून त्यांनी हाताने नकाशे काढले, ते नेपाळमध्ये सहआरोपी सबाउद्दीन अहमद यांच्याकडे दिले आणि तेथून ते लष्कर-ए-तोयबाकडे पोहोचले, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. असा एक नकाशा गिरगाव चौपाटीवर मारल्या गेलेल्या हल्लेखोराच्या खिशात सापडल्याचे सांगण्यात आले.

ही कहाणी बातमीला सोयीची होती. परक्या हल्लेखोरांना आपल्या शहरातील गल्ल्या कोणी दाखविल्या, या प्रश्नाने प्रत्येक मुंबईकर अस्वस्थ होता. ‘घरभेदी’ हे त्याचे तयार उत्तर होते. रामायणापासून हे पात्र आपल्या परिचयाचे आहे. त्या जागेवर फक्त एक नाव बसवावयाचे राहिले होते.

विशेष न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांनी ३ मे २०१० रोजी कसाबला दोषी ठरविले आणि फहीम अन्सारी व सबाउद्दीन अहमद यांना दोषमुक्त केले. त्यामागील कारणमीमांसा संशोधकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. जुन्या पोथीची चिकित्सा करताना आपण काय पाहतो? कागद कोणता, घडी कोठे पडली, डाग कशाचा, पोथी ज्या हातांतून आली असे सांगितले जाते त्या हातांच्या खुणा तिच्यावर आहेत काय? न्यायालयाने त्या नकाशाला असेच प्रश्न विचारले. ज्याच्या खिशात तो सापडला असे म्हटले जाते, त्याचे कपडे रक्ताने माखलेले होते. मग कागद स्वच्छ आणि फारसा न चुरगळता कसा राहिला? आणि शहराचे याहून तपशीलवार नकाशे संगणकावर कोणालाही मिळत असताना हाताने काढलेल्या असल्या आकृतीचे प्रयोजन काय? नकाशे हाती दिल्याचे सांगणाऱ्या साक्षीदाराची साक्षही न्यायालयाला विश्वसनीय वाटली नाही. ही उत्कृष्ट पाठचिकित्साच होय.

मुंबई उच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०११ रोजी हा निर्णय कायम केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ ऑगस्ट २०१२ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती चंद्रमौळी कुमार प्रसाद यांच्या पीठानेही तोच निर्णय दिला. म्हणजे तीन न्यायालयांनी एकच पुरावा तीन वेळा तपासला आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आले.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधणे अवश्य आहे. कसाबची फाशी कायम करणारा निकाल आणि अन्सारींची दोषमुक्ती कायम करणारा निकाल हे निराळे नाहीत. न्यायाधीश तेच, दिवस तोच, पुरावा तोलण्याचा काटाही तोच. तरीही लोकमत निकालाच्या एका भागास ‘न्याय झाला’ म्हणते आणि दुसऱ्या भागास ‘पुरावा मिळाला नाही’ म्हणते. एकाच ग्रंथाचे अर्धे प्रकरण प्रमाण आणि अर्धे प्रक्षिप्त मानण्याचा हा प्रकार आहे आणि त्याला ग्रंथात कोणताही आधार नाही.

३

लोकमताला ही दुहेरी वागणूक सुलभ का होते? आमच्या मते याचे एक कारण निर्दोषत्व सांगणाऱ्या आपल्या शब्दांत आहे.

‘सुटला’ हे क्रियापद घ्या. गाठ सुटते, गाडी सुटते, शाळा सुटते, आणि जाळ्यातला मासाही सुटतो. कोर्टातून माणूस ‘सुटला’ असे म्हटले म्हणजे तो निर्दोष ठरला की निसटला, हे शब्द सांगत नाही. ऐकणाराच आपल्या कलाप्रमाणे ठरवितो. ‘पुराव्याअभावी सुटका’ या प्रयोगात तर पुरावा कोठेतरी आहे, तो फक्त वेळेवर हजर झाला नाही, असा ध्वनी आहे. नसलेल्या गोष्टीचा अभाव आणि हरवलेल्या गोष्टीचा अभाव यांत भेद आहे; आपला वाक्प्रचार तो करीत नाही.

‘संशयाचा फायदा’ हा तिसरा प्रयोग. कायद्याच्या तत्त्वाचे हे शब्दशः भाषांतर आहे. आरोप संशयातीत सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर असते आणि ते पेलले नाही तर आरोपी निर्दोषच राहतो, हे त्यामागील तत्त्व. परंतु मराठीत ‘फायदा’ हा बाजाराचा शब्द आहे. फायदा ‘मिळतो’, ‘उपटला’ जातो, ‘घेतला’ जातो. परिणामी नागरिकाचा हक्क हा त्याला अनायासे पदरी पडलेला नफा वाटू लागतो, आणि ज्याने नफा कमावला त्याच्याकडे आपण ज्या नजरेने पाहतो त्याच नजरेने त्या माणसाकडे पाहतो.

‘निर्दोष मुक्तता’ हा चांगला शब्द वृत्तपत्रांत रूढ आहे, आणि कायद्याच्या मराठीत ‘दोषमुक्ती’ हा नेमका शब्दही आहे, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. शब्दांचा सर्वस्वी दुष्काळ नाही. प्रश्न वापराचा आहे. आरोपाचे शब्द दिवसामागून दिवस छापले जातात, तर दोषमुक्तीचा शब्द एक दिवस येतो आणि तोही पुष्कळदा ‘हल्ल्याच्या खटल्यातील आरोपी’ या विशेषणास जोडून येतो. निकालानंतरही मनुष्याची ओळख आरोपानेच करून दिली जाते. क्रियापद म्हणून सुरू झालेला आरोप अखेर विशेषण होतो, आणि विशेषणावर अपील करण्याची सोय कोठेही नाही.

४

याच खटल्याच्या निमित्ताने निर्माण झालेली एक कलाकृती येथे विचारार्थ घेणे प्रस्तुत होईल. अन्सारी यांचे वकील शाहिद आझमी यांची ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून हत्या झाली. ज्या निकालासाठी ते झटले, तो तीन महिन्यांनी लागला. आझमी यांनी स्वतः तरुण वयात टाडा कायद्याखाली आरोप आणि तुरुंगवास भोगला होता. पुढे कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वकिली आरंभिली. डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपर स्थानकाजवळ बेस्टच्या बसमध्ये झालेल्या स्फोटाच्या खटल्यातील आरोपीची निर्दोष मुक्तता हे त्यांचे पहिले महत्त्वाचे यश मानले जाते. त्यांच्या जीवनावर हंसल मेहता यांनी ‘शाहिद’ हा हिंदी चित्रपट काढला. तो १८ ऑक्टोबर २०१३ रोजी भारतात प्रदर्शित झाला आणि दिग्दर्शक मेहता व अभिनेते राजकुमार राव या दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

या चित्रपटाचा मोठा गुण म्हणजे त्यातील न्यायालय. हिंदी चित्रपटांतील भव्य दालने आणि टाळ्या घेणारी भाषणे येथे नाहीत. दाटीवाटीची खोली, एकमेकांत गुंतणारे आवाज, कंटाळलेला कारभार, आणि त्यातच एखादा साधा प्रश्न असा येतो की साक्ष कोसळते. न्याय हा भावनेच्या उद्रेकातून येत नसून तारखा आणि कागदपत्रे यांच्या चिकाटीने केलेल्या छाननीतून येतो, हे चित्रपटाने दाखविले. वृत्तपत्राने जे एका मथळ्यात उरकले, ते उलगडण्यास किती श्रम पडतात याची कल्पना प्रेक्षकास येते.

तथापि या कृतीची एक मर्यादा नोंदवणे भाग आहे. चित्रपट वकिलाचा आहे, आरोपीचा नाही. आरोपी येतात, त्यांचे चेहरे दिसतात, त्यांची कुटुंबे रडतात, ते निर्दोष ठरतात आणि कथेतून जातात. दोषमुक्ती हा तेथे शेवट आहे. वास्तवात मात्र दुसऱ्या, संथ शिक्षेचा तो आरंभ ठरू शकतो. शिवाय प्रेक्षकाची सहानुभूती त्या माणसांच्या सोज्ज्वळपणावर उभी केली आहे. न्यायाचे तत्त्व याहून कठोर आहे: माणूस आवडो वा न आवडो, त्याच्यावरचा आरोप सिद्ध झाला पाहिजे.

ही कठोर कसोटी अन्सारी यांच्याच बाबतीत लावून पाहावी. त्यांच्या चरित्रात सगळेच स्वच्छ नाही. उत्तर प्रदेशातील रामपूरच्या खटल्यात तेथील केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तळावरील हल्ल्याच्या आरोपातून ते मुक्त झाले, पण इतर काही गुन्ह्यांखाली २०१९ साली त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. तेवढा काळ तुरुंगात गेलेलाच असल्याने ते बाहेर आले. ही वस्तुस्थिती लपविण्याचे कारण नाही. जो गुन्हा शाबित झाला त्याची शिक्षा त्यांनी भोगली; जो शाबित झाला नाही त्याची शिक्षा भोगावयास लावण्याचा अधिकार कोणासही नाही. एवढा विवेक ठेवता येत असेल तरच आपण न्यायाविषयी बोलतो असे म्हणता येईल. नाहीतर केवळ आवडीनिवडीविषयी बोलतो.

बाहेर आल्यावर त्यांनी छापखान्यात काम केले आणि नंतर रिक्षा चालविण्याचे ठरविले. प्रवासी रिक्षा चालविण्याच्या परवान्याच्या बिल्ल्यासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. तो नाकारला गेला आणि २०२५ साली त्यांना त्यासाठी उच्च न्यायालयाकडे जावे लागले. लष्कर-ए-तोयबाशी असलेला कथित संबंध, हे नकाराचे कारण होते. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बारा वर्षांनीही ‘कथित’ हा शब्द जिवंत होता आणि एका माणसाच्या भाकरीच्या आड उभा होता. शब्दांचा अभ्यास हा निरुपद्रवी उद्योग आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी या एका शब्दाचे आयुर्मान पाहावे.

५

येथे एक आक्षेप संभवतो. हेरगिरीचा संशय कोणावरही येऊ शकतो. मग त्यात अल्पसंख्याकांचा वेगळा विचार कशासाठी? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर उदाहरणाने देणे बरे.

मुंबई राज्याचे एके काळचे मुख्यमंत्री आणि पुढे पंतप्रधान झालेले मोरारजी देसाई हे अमेरिकी गुप्तचर संघटनेचे पगारी खबरे होते, असा आरोप अमेरिकन पत्रकार सेमूर हर्श यांनी १९८३ साली ग्रंथातून केला. मोरारजींनी तेथील न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९८९ साली तो ते हरले. पुढे १९९० मध्ये पाकिस्तानने त्यांना ‘निशान-ए-पाकिस्तान’ हा सर्वोच्च किताब दिला. यांपैकी कोणत्याही प्रसंगी मोरारजींच्या जातीला किंवा धर्माला निष्ठेचा पुरावा मागितला गेला नाही. आरोप एका माणसावर होता आणि तो त्या माणसापाशीच थांबला. हे योग्यच झाले.

आता दुसरे उदाहरण. वांद्र्याचे रहिवासी, मुंबईचे माजी शेरीफ आणि अर्धशतकभर या देशाच्या रसिकांचे लाडके नट दिलीपकुमार यांना १९९८ साली पाकिस्तानचा ‘निशान-ए-इम्तियाज’ हा किताब मिळाला. १९९९ च्या कारगिल युद्धात तो परत करण्याची मागणी शिवसेनेने जोराने केली आणि त्यांच्या देशनिष्ठेचीच चर्चा वृत्तपत्रांतून सुरू झाली. त्यांनी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा सल्ला घेतला आणि किताब ठेवला. युद्धकाळात भावना तीव्र असतात हे मान्य करूनही, एकास जो किताब सन्मान ठरला तो दुसऱ्यास साक्षीपुरावा का ठरावा, याचे उत्तर किताबात सापडत नाही. अल्पसंख्याकाच्या बाबतीत संशय व्यक्तीवर येतो आणि समाजाकडे वाहतो, समाजावर असतो आणि व्यक्तीवर उतरतो. या दुहेरी वाहण्यालाच पूर्वग्रह म्हणतात.

हा रोग आपल्याच मातीतला आहे असेही नाही. फ्रान्समध्ये १८९४ साली आल्फ्रेड ड्रायफस या ज्यू सेनाधिकाऱ्यास जर्मनीचा हेर ठरविण्यात आले. त्याही खटल्याचा आधार एक कागद होता: जर्मन वकिलातीतून मिळालेली, हाताने लिहिलेली एक टाचणयादी. एदुआर द्र्युमों याच्या ज्यूद्वेष्ट्या वृत्तपत्राने खटल्याआधीच निकाल देऊन टाकला. अक्षर दुसऱ्याच अधिकाऱ्याचे आहे हे उघड झाल्यावरही कित्येकांचे मत बदलले नाही. १३ जानेवारी १८९८ रोजी एमिल झोलाने वृत्तपत्रातूनच त्याला उत्तर दिले. ड्रायफसला पूर्ण न्याय मिळण्यास जुलै १९०६ उजाडला. विष वृत्तपत्राने दिले आणि उताराही वृत्तपत्रानेच दिला, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

आणि सीमेपलीकडची बाजू? अंधेरी-वर्सोव्याचे हामिद अन्सारी समाजमाध्यमावरून ओळख झालेल्या एका तरुणीसाठी नोव्हेंबर २०१२ मध्ये अफगाणिस्तानमार्गे पाकिस्तानात शिरले आणि कोहाट येथे पकडले गेले. त्यांनी खोटे ओळखपत्र वापरले हे खरे. पण तेथील लष्करी न्यायालयाने त्यांना भारताचा हेर ठरवून २०१५ साली तीन वर्षांची शिक्षा दिली. १८ डिसेंबर २०१८ रोजी ते वाघा सीमेवरून परतले. त्यांच्या सुटकेसाठी दोन्ही देशांतील पत्रकार आणि वकील झटले. एका उपनगरातील अन्सारी येथे ‘त्यांचा’ माणूस ठरतो आणि शेजारच्या उपनगरातील अन्सारी तेथे ‘आपला’ हेर ठरतो. दोन्हीकडे प्रेमाची, पोटाची, प्रमादाची अशी कोणतीही सामान्य मानवी कहाणी संशयास अपुरी वाटते.

६

वृत्तपत्रांनी अशा बातम्या देऊच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. २६ नोव्हेंबरची भीती खरी होती, मृत्यू खरे होते, आणि तपासाची माहिती मिळणे हा जनतेचा अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच निकालपत्रात दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले ते वृत्त दिल्याबद्दल नव्हे, तर ते बेजबाबदारपणे दिल्याबद्दल. मागणी मौनाची नाही, मापाची आहे.

हे माप भाषेत आणण्यास मोठा खर्च नाही. आरोप कोणी केला, हे वाक्याच्या कर्त्यात स्पष्ट यावे. ‘समजते’, ‘बोलले जाते’ अशा निनावी क्रियापदांमागे ते दडू नये. ‘सुटला’ ऐवजी ‘न्यायालयाने दोषमुक्त केले’ असे लिहावे, कारण त्यात कर्ता आहे आणि कृतीही आहे. निर्दोष ठरलेल्या माणसाची ओळख त्याच्या कामाने, गावाने वा नावाने करून द्यावी, संपलेल्या आरोपाने नव्हे. आणि सर्वनामाचा आदर, तो काढून घेण्याची मुळात गरज काय हा प्रश्न बाजूस ठेवला तरी, निदान निकालानंतर परत करावा. या लेखात अन्सारी यांचा उल्लेख आरंभापासून ‘ते’ असा केला आहे. तो काही वाचकांस खटकला असल्यास, का खटकला याचा विचार त्यांनी अवश्य करावा.

न्यायालय आपल्या कक्षेत दोषमुक्ती देऊ शकते. रिक्षाच्या रांगेत, चाळीच्या जिन्यावर, नोकरीच्या अर्जावर ती पोहोचविण्याचे काम भाषेचे आहे. मराठीने बहिर्जीसारख्या हेराला सन्मानाचे स्थान दिले. जो हेर नव्हता असे तीन न्यायालयांनी सांगितले, त्याच्यासाठी एक साधे, पूर्ण वाक्य तिला जड जाऊ नये.